गळतीचा शोध

उष्णता नेहमी जास्त तापलेल्या जागेकडून कमी तापलेल्या जागेकडे जाते. हा विश्वाचा नियम आहे. तो ताऱ्यांना लागू आहे, समुद्रांना लागू आहे, माणसाच्या देहाला तर फारच लागू आहे. दादांच्या घरात शिरताना मात्र उष्णतेला आधी दादांना विचारावं लागे, आणि दादा सहसा नाही म्हणत.

दादा शीतगृहात सुपरवायझर होते. बटाट्यांची पोती, फळांच्या पेट्या आणि लोण्याची खोकी यांच्यावर देखरेख करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. भर उन्हाळ्यात सगळं गाव घामाने निथळत असताना एकच माणूस शिंकत बसमधून उतरे, तो दादा. शीतगृहात चोरीपेक्षा मोठा गुन्हा म्हणजे दार उघडं टाकणं. तिथे 'अहो, जरा दार लावता का' असं कोणी म्हणत नाही. तेवढ्यात लोणी मऊ पडतं. नुसतं "दार!" म्हणतात आणि जो जवळ असेल तो ते लावतो. हा शब्द दादांनी घरी आणला. त्यांची मुलगी लहानपणी 'आई' आणि 'बाबा' यांच्याही आधी 'दार' म्हणाली, असं घरात सांगतात. दादा कौतुकाने सांगतात. वहिनी, म्हणजे दादांची बायको, नुसतंच सांगतात.

दादांची आई मागच्या खोलीत राहायची. वडील होते तेव्हा ती दोघांची खोली होती. ते गेल्यावर ती आईची आणि कपाटाची झाली. घरातली माणसं तिथे येत, पण कपाटाकडे येत. कात्री, जुनी चादर, पावसाळी चप्पल, असं काहीतरी काढायचं, जाता जाता "काय आई, बरं आहे ना?" विचारायचं आणि उत्तर यायच्या आत दाराबाहेर व्हायचं. आईला त्याचा राग नव्हता. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिच्या हाती वॉकर आला होता, आणि वॉकर घेऊन ती स्वयंपाकघरापर्यंत पोचेपर्यंत तिथली माणसं जेवून उठलेली असत.

मग एका उन्हाळ्यात आई दुपारची चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी नाडी बघितली, खोलीतला पंखा बघितला, आणि यांना गारव्यात ठेवा, म्हणून सांगितलं. दादांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती. गारव्यात ठेवणं हाच त्यांचा धंदा होता. त्याच आठवड्यात आईच्या खोलीत एसी बसला. घरात एकच, आणि तो आईसाठी, हे दादांनी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. धाकट्या भावाने त्याची माहितीपुस्तिका वाचून दाखवली. धाकटा घरात बसून अशाच माहितीपुस्तिकांची भाषांतरं करून पोट भरी. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे पोट लहान होतं. "'सदर उपकरण लहान मुले व वृद्ध व्यक्तींपासून दूर ठेवावे,'" त्याने गंभीर चेहऱ्याने वाचलं. "आई, तू जरा लांब हो."

आई हसली. आणि त्याच संध्याकाळी तिला थंडी वाजली.

ती सांगणारच होती. "अरे, जरा कमी कर" हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात दार उघडलं आणि वहिनी आपलं शिलाईमशीन ढकलत आत आल्या. बाहेर कापडाला घामाचे डाग पडतात, आई, इथेच शिवत बसते, म्हणाल्या. त्यांच्या मागून नात परीक्षेची पुस्तकं घेऊन आली आणि आईच्या पायथ्याशी उशी टाकून आडवी झाली. मग धाकटा आला, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन. आल्या आल्या तिघांनीही एका सुरात "दार!" म्हटलं, आणि सर्वात जवळ आई होती म्हणून तिने वॉकरच्या टोकाने ते लोटलं.

आईने शब्द गिळले आणि शाल अंगावर ओढली.

तो उन्हाळा आईच्या आयुष्यातला सर्वात थंड आणि सर्वात चांगला गेला. रिमोट तिच्या उशाखाली असे. वहिनींना पॅडल मारून उकडे, त्या म्हणत, आई, जरा वाढवू का? आई रिमोट काढून देई. नात म्हणे, आजी, अजून एक कर ना. आई अजून एक करी. शालीवर स्वेटर चढला, पायांत मोजे आले. म्हातारपणी रक्त पातळ होतं, असं वहिनींनी परस्पर निदान केलं आणि आईसाठी एक कानटोपी शिवली. दादा संध्याकाळी येत, आकडा बघत आणि कपाळावर हात मारत. इतक्या खाली बटाटेसुद्धा ठेवत नाहीत, म्हणत. पण आकडा वर गेला की माणसं कुरकुरत, आणि कुरकुरली की उठून जातील अशी आईला धास्ती वाटे. मग ती म्हणे, असू दे रे, मला बरं वाटतं. ते खोटं नव्हतं. फक्त गारव्याबद्दल नव्हतं.

दादांना ही नासाडी बघवेना. एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं. शीतगृहात हमाल जास्त वेळ रेंगाळले तर तेवढी उष्णता मोजावी लागते. त्यांनी एका रविवारी आईच्या खोलीत उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. इथे तुम्ही एवढे दिवे लावून बसता आणि वर मशीनला म्हणता गार कर. नातीने विचारलं, आजी किती वॅटची? दादांनी आईकडे बघितलं. स्वेटर, मोजे आणि कानटोपी यांच्या आत जे काही उरलं होतं त्याचा अंदाज घेतला. "चाळीस," ते म्हणाले. "झिरोचा दिवा म्हण ना सरळ," धाकटा म्हणाला, आणि सगळ्यात जास्त आईच हसली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर दादा कामाला लागले. एसीवर भार टाकण्यापेक्षा घरच तापू द्यायचं नाही, हा त्यांचा बेत होता, आणि बेत चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले, स्वतः, गुडघ्यांवर बसून. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून पांढऱ्या कापडाच्या झडपा लावल्या. ऊन काचेतून आत आलं की मग पडदा ओढून काही उपयोग नसतो, ते काचेच्या बाहेरच अडवायचं असतं. दारांच्या फटींना रबराच्या पट्ट्या चिकटवल्या. पहाटे सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, ऊन चढायच्या आत सगळ्या बंद करायच्या, संध्याकाळी स्वयंपाकघरातला ओढपंखा लावून कोंडलेली हवा बाहेर फेकायची. बोळात, सगळ्या खोल्यांच्या मधोमध, त्यांनी शीतगृहातून निकालात काढलेला थर्मामीटर टांगला.

"दादाने घराला चुना लावला," धाकटा शेजाऱ्यांना सांगत सुटला.

"मला तर लग्नातच लावला होता," वहिनी म्हणाल्या.

पण घर थंड राहिलं. अगदी खरोखर थंड राहिलं. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असताना वहिनी आपल्या खोलीत नुसत्या पंख्यावर शिवू लागल्या. तिथे उजेड चांगला होता. नात स्वतःच्या टेबलाशी परत गेली. धाकटा त्याच्या खिडकीपाशी. मागच्या खोलीचं दार आता बंद असे, कारण आतली थंडी बोळात सांडू द्यायची नाही, असा नियम होता. माणसं आत नव्हती, त्यामुळे मशीनवर भार नव्हता. दादा विजेच्या बिलाचा आकडा बघून खूश झाले. एवढ्या कमी खर्चात एवढा गारवा त्यांनी बटाट्यांनासुद्धा कधी दिला नव्हता.

बंद दाराच्या आत आई स्वेटर घालून बसे. रबराच्या पट्टीमुळे बाहेरचं बोलणंही नीट ऐकू येत नसे. हसले की कळे, पण कशाला हसले ते कळत नसे. कपाटातली कात्रीसुद्धा वहिनींनी आता आपल्याकडे नेऊन ठेवली होती.

आणि मग, ऐन कडक उन्हात, घराला गळती लागली.

गळती हा दादांचा शब्द. नळाची, छताची गळती लोकांना माहीत असते; दादांना फक्त उष्णतेची माहीत होती. दुपारी बोळातला थर्मामीटर अचानक चढायचा. वहिनी घामाघूम होत, शिलाईमशीन ढकलत आईच्या खोलीत येत. नात येई. धाकटा येई. "दार!" होई. संध्याकाळी दादा येईपर्यंत खिडक्या, झडपा सगळं जाग्यावर असे, फक्त पारा वर चढून बसलेला. एखाद्याच दुपारी असं नाही, दर दोन-तीन दिवसांआड.

दादांनी शोध सुरू केला. टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी चिमटीत धरून ते घरभर फिरत. जिथे पट्टी हलते तिथे हवा आत येते. एक प्रौढ गृहस्थ श्वास रोखून दारांच्या बिजागऱ्यांपुढे कागद धरून उभा आहे, हे दृश्य सुरुवातीला करमणुकीचं होतं. मग संशय सुरू झाला. वहिनींवर आला, कारण त्या दुपारी इस्त्री लावतात. वहिनींनी इस्त्री दादांच्या हातात ठेवली आणि उद्यापासून आपले शर्ट आपण करा, म्हणाल्या. नातीवर आला, कारण तिच्या मैत्रिणी येतात आणि त्यांना दार लावायचं वळण नाही. शेवटी तो धाकट्यावर येऊन बसला, आणि तिथे त्याला जागा चांगली मिळाली. धाकटा सिगारेट ओढे. सिगारेट ओढायला खिडकी लागते.

त्या रात्री जेवताना दोघांचं जुंपलं. मी माझ्या खोलीची खिडकी उघडतो, बोळाची नाही, असं धाकटा म्हणाला. दादा म्हणाले, फुकट राहणाऱ्याने निदान झडप तरी पाडावी. हे बोलायला नको होतं. धाकटा ताटावरून उठला. आई तिच्या खोलीत होती. तिचं ताट आत जाई. पण तेवढं वाक्य रबराच्या पट्टीतूनही गेलं.

दुसऱ्या दिवशी गळती झाली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. याचा अर्थ दादांनी धाकटा सुधारला असा लावला. धाकट्याने दादांशी बोलणं टाकलं.

पण आठवडाभराने पारा पुन्हा चढला, आणि दादांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सबंध नोकरीत त्यांनी अशी रजा लग्नाला आणि वडिलांच्या आजारपणाला तेवढी घेतली होती. ऐन दुपारी ते चपला हातात घेऊन स्वतःच्या घरात चोरासारखे शिरले. सगळ्या खोल्यांची दारं नुसती लोटलेली होती. वहिनींच्या मशीनचा आवाज येत होता. बोळाच्या टोकाशी, पश्चिमेच्या खिडकीपाशी, आई उभी होती.

वॉकर तिने भिंतीला टेकवला होता. कानटोपी, स्वेटर, मोजे. एका हाताने चौकट धरली होती आणि दुसऱ्या हाताने कडी काढून खिडकी उघडली होती, झडप वर सारली होती. बाहेरून भट्टीसारखा झोत येत होता. पडून जाईल या भीतीने दादा पुढे धावणार होते, पण तिचा चेहरा बघून थांबले. डोळे मिटून ती उन्हात उभी होती. घरात कोणी नवीन मूल आणावं आणि सगळ्यांनी त्याला बघायला वाकावं, तशी ती त्या झोताकडे वाकली होती.

"आई."

आईने डोळे उघडले. दचकली नाही. चोरी पकडली गेल्यावर माणूस आधी हातातली वस्तू लपवतो. तिने खिडकी हळूच लोटायला घेतली. ती अर्धीच लोटली गेली.

"धाकट्याने नाही रे केलं," ती म्हणाली. "त्याला नको बोलूस."

"पण कशासाठी?"

"थोडं तापू दे. तापलं की येतात सगळे."

दादांनी खिडकी बंद केली, झडप पाडली, आईला धरून खोलीत नेलं आणि सवयीने दार लावून घेतलं. मग बाहेर उभं राहून त्या दाराकडे बघत राहिले. पट्टी त्यांनीच चिकटवली होती. कुठेही फट नव्हती.

संध्याकाळी त्यांनी घरात जाहीर केलं, गळती सापडली. कुठे होती? छतात. चुन्यातच दोष निघाला, ते म्हणाले, आणि धाकट्याच्या ताटात न मागता एक पोळी जास्त वाढली. धाकट्याने ती खाल्ली. माफी मागायची आणि द्यायची या घरात हीच रीत होती.

रविवारी दादा तारेचा ब्रश घेऊन गच्चीवर गेले आणि भर उन्हात चुना खरवडायला बसले. शेजारची गच्ची भरली. उन्हाळाभर ज्यांना दादांनी चुन्याचे गुण ऐकवले होते ते सगळे कठड्याला टेकून बघत होते.

"चुना लावणारे खूप पाहिले," धाकटा खालून ओरडला, "लावलेला परत काढणारा पहिलाच."

दादा खाली आले तेव्हा पापण्यांपर्यंत पांढरे झाले होते. त्यांनी झडपाही काढल्या. म्हणाले, धुवायला हव्यात. वहिनींनी एकदा त्यांच्याकडे निरखून बघितलं, आणि कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

घर तापलं. दादांनी जे जे थोपवलं होतं ते सगळं मोकळं सुटून आत आलं. दुसऱ्याच दुपारी शिलाईमशीन मागच्या खोलीत आलं, पुस्तकं आली, धाकटा आला. आईने सगळ्यांना सरकून जागा करून दिली. त्या आठवड्यात तिने नातीला दादांच्या लहानपणीची ती गोष्ट सांगितली, बर्फ जपून ठेवायचा म्हणून दादांनी तो आईच्या पेटीत लुगड्यांखाली लपवला होता ती. नातीने ती आधी ऐकली होती, पण मोबाइल खाली ठेवून पुन्हा ऐकली. संध्याकाळी दादा येऊन दारात उभे राहत. एवढे दिवे एका खोलीत, मशीन धापा टाकतंय, आणि कोणी दार लावायला विसरलंय. ते काही म्हणत नसत.

पण पुढच्या आठवड्यात कुरकुर सुरू झाली. मशीनच्या खडखडाटात नातीचा अभ्यास होईना. नातीच्या पाठांतरात धाकट्याचं भाषांतर चुकू लागलं. एका मिक्सरच्या पुस्तिकेत त्याने मोगल बादशहा घातला. वहिनींना कापड पसरायला जागा पुरेना. आणि एका संध्याकाळी सगळे आईच्या पलंगाभोवती बसले असताना वहिनींनीच विषय काढला. पुरे झाले यांचे प्रयोग. आज चुना लावायचा, उद्या काढायचा. सरळ प्रत्येक खोलीत एकेक एसी बसवू या.

ती बैठक फार रंगली. कोणती कंपनी, कोणत्या भिंतीवर, कोणाचा आवाज कमी, वायरिंग सोसेल का. धाकट्याला सगळ्या कंपन्यांच्या पुस्तिका पाठ होत्या, त्याने प्रत्येकीतली खोट सांगितली. नात हसून हसून आईच्या मांडीवर पडली. मध्येच वहिनींनी चहा केला, तो सगळ्यांनी तिथेच प्यायला. आईलाही मत विचारलं. ती प्रत्येकाकडे आळीपाळीने बघत होती. मला काय कळतं त्यातलं, म्हणाली, पण नीट ठरवा, घाई नको, उद्या परत बसा हवं तर.

दादांनी एकदाच तोंड उघडलं, घर थंड ठेवायचे दुसरेही मार्ग असतात, म्हणाले. मग ते मार्ग आपणच तारेच्या ब्रशने खरवडून टाकले हे आठवून त्यांनी तोंड मिटलं.

परत बसायची वेळ आली नाही. माणसं आली, भिंतींना भोकं पाडली, मशीनं बसवून गेली. आता त्या घरात "दार!" असं ओरडावं लागत नाही. ज्याचं त्याचं दार ज्याने त्याने आतून लावलेलं असतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी दादा कामावरून आले आणि हातपाय धुऊन मागच्या खोलीत गेले. आई पलंगावर बसली होती. कपाटाशेजारची, शिलाईमशीनची जागा रिकामी होती. चाकांचे ओरखडे फरशीवर दिसत होते. दादा खुर्ची ओढून बसले. सर्दीने नाक ओढलं.

"आता हा बंद केलास तरी चालेल," आई एसीकडे बघून म्हणाली.

"का गं?"

"थंडी वाजते रे."

दादांनी रिमोट हातात घेतला. "कधीपासून?"

"आणलास तेव्हापासून."

दादांनी मशीन बंद केलं. ते बंद झाल्यावर खोली किती शांत आहे ते कळलं. त्यांनी खिडकी उघडली. तापलेली हवा आत आली, पडदा हलला. दादा शर्टाची वरची बटणं काढून बसले, घाम मानेवरून पाठीत उतरू लागला. आईने आधी कानटोपी काढली, मग बऱ्याच वेळाने मोजे. तुला उकडत असेल, जा हवं तर, असं ती एकदा म्हणाली. दादा गेले नाहीत. त्या उन्हाळ्यात ते रोज संध्याकाळी तिथे बसत, आणि फारसं बोलत नसत, कारण दोघांकडेही बोलण्यासारखं फार नव्हतं. शंभर आणि चाळीस.

थंडीच्या दिवसांत आईला खोकला झाला. तो छातीत उतरला, आणि ती गेली. सगळे तिच्या खोलीत होते. कोणालाही बोलवावं लागलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी एसीच्या देखभालीला माणूस आला. सगळ्या खोल्यांतली मशीनं त्याने उघडून साफ केली. वहिनींच्या मशीनमधून कापडाचा भुगा निघाला, धाकट्याच्यातून राख. शेवटी तो मागच्या खोलीत गेला, झाकण काढलं, बॅटरी मारून आत बघितलं आणि हे बहुतेक वापरात नाही, म्हणाला. दादा म्हणाले, नाही. तो म्हणाला, काढून टाकू नका, याच्या कॉम्प्रेसरवर अजून आठ वर्षांची हमी आहे.